नावापुढची तीन अक्षरे : लेफ्टनंट बॉवर्स, आर. आय. एम.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर, ७९ अंश ५० मिनिटे दक्षिण अक्षांशाच्या सुमारास, शोधपथकाला बर्फात बुडालेला एक तंबू सापडला. आत तीन मृतदेह होते. पथकाने तंबूच्या काठ्या काढून घेतल्या, कापड मृतांवर पसरू दिले, वर बर्फाचा बुरूज रचला, स्कीच्या पट्ट्यांचा क्रूस उभा केला आणि धातूच्या नळीत एक चिठ्ठी घालून ठेवली. चिठ्ठीत तंबूतल्या तिघांची नावे होती. कॅप्टन स्कॉट, रॉयल नेव्ही. डॉक्टर विल्सन, केंब्रिजचे पदवीधर. आणि तिसरे, लेफ्टनंट एच. आर. बॉवर्स, रॉयल इंडियन मरीन.

त्या पांढऱ्या वाळवंटात ‘इंडियन’ हा शब्द काय करत होता, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणाला पडलेला दिसत नाही. स्कॉटची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. अमुंडसेन आधी पोचला, ओट्स वादळात बाहेर पडला तो परतला नाही, स्कॉटची रोजनिशी शेवटपर्यंत चालू राहिली. बॉवर्स या गोष्टीत पाचांतला एक म्हणून येतो व जातो. इंग्रजी चरित्रकारांनी त्याच्यावर भरपूर लिहिले, पण नावापुढची ती तीन अक्षरे त्यांनीही पत्त्यासारखी वाचली. माणूस कुठून आला एवढे त्यातून कळले, की पत्त्याचे काम संपले. माझे म्हणणे असे आहे की ती अक्षरे पत्ता नसून पेशा आहेत. तो पेशा मुंबईच्या गोदीत घडला, आणि तो समजून घेतल्याशिवाय बॉवर्सचे ध्रुवावरचे कामही नीट समजत नाही, त्याच्या पदकाचा अर्थही लागत नाही.

रॉयल इंडियन मरीन म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण ‘मरीन’ या शब्दाने घोटाळा होतो. ब्रिटिश आरमारात ‘रॉयल मरीन’ म्हणजे जहाजावरचा शिपाई. बंदूक घेऊन पहारा करणारा, वेळ पडल्यास किनाऱ्यावर उतरून लढणारा. आपल्याकडची मरीन ही वेगळी गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीने १६१२ साली सुरतेजवळ उभ्या केलेल्या ताफ्यापासून तिची वंशावळ सुरू होते. १६८६ मध्ये तिचे नाव बॉम्बे मरीन झाले, १८३० मध्ये इंडियन नेव्ही. १८६३ मध्ये तिचा आरमारी दर्जा काढून घेऊन पुन्हा बॉम्बे मरीन केले गेले. १८७७ मध्ये मुंबई व कलकत्ता येथील विभाग एकत्र करून इंडियन मरीन झाली आणि १८९२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतच तिला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव यायला १९३४ उजाडले. मधल्या काळात ही लढाऊ नौसेना नव्हती. पलटणींची ने-आण, किनाऱ्यांची मोजणी, दीपगृहांना रसद, ब्रह्मदेशातल्या नद्यांवरची गस्त ही तिची कामे. थोडक्यात, साम्राज्याची हमाली. रॉयल नेव्हीच्या अधिकाऱ्यांच्या नजरेत ती दुय्यमच होती.

आणि तिच्यातही दोन मजले होते. वरच्या मजल्यावर, म्हणजे अधिकाऱ्यांत, १९२८ पर्यंत एकही भारतीय नव्हता. त्या वर्षी डी. एन. मुखर्जी हे पहिले भारतीय अधिकारी झाले. खालच्या मजल्यावर मात्र आपलीच माणसे होती. मरीनचे खलाशी प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यातही कोकणी मुसलमानांच्या गावांतून भरती होत. सारंग, तांडेल, कसाब, आगवाला ही त्यांच्या दर्जांची नावे. यांतला ‘कसाब’ खाटीक नव्हे, जहाजावरचे सामान सांभाळणारा. हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल. १९०५ मध्ये बावीस वर्षांचा बॉवर्स सब-लेफ्टनंट म्हणून या नोकरीत आला, तेव्हा त्याच्याहून दुप्पट वयाचा आणि समुद्र त्याच्याहून अधिक जाणणारा तांडेल त्याला सलाम करत असणार. अशी ती व्यवस्था.

पदकांचा नाद मला समुद्रामुळे लागला नाही. वारंगा फाट्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. येथून नांदेड, हिंगोली आणि यवतमाळकडे रस्ते फुटतात, आणि हिंगोलीचा रस्ता मला या विषयाकडे घेऊन गेला. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे होते. १८५८ मध्ये मध्य भारताच्या मोहिमेत आणि १८८५ नंतर ब्रह्मदेशात कंटिंजंटच्या पलटणी गेल्या. ब्रह्मदेशाच्या पदकाचा अभ्यास करताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘बर्मा १८८५–७’ या पट्टीचे पदक शिपायाला चांदीचे मिळे. सोबतच्या भिस्त्याला, मोतद्दाराला, डोलीवाल्याला तेच पदक, तीच राणी, तीच पट्टी, पण कांस्याचे. पाणी पाजणारा आणि पाणी पिणारा एकाच गोळीबारात असत, तरी धातू वेगळा. त्यामुळे पदक हातात घेतले की मी आधी धातू पाहतो, मग कड, आणि राणीचा चेहरा सर्वांत शेवटी.

ध्रुवीय पदकाची सुरुवात याहून उदार होती, हे मान्य केले पाहिजे. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन उत्तरेकडे गेला आणि सर्व माणसांसह नाहीसा झाला. त्याच्या शोधासाठी पुढची काही वर्षे मोहिमांवर मोहिमा निघाल्या. त्यांत ‘हेरल्ड’ नावाचे एक जहाज होते, जे १८२२ मध्ये आपल्या कोचीनला बांधले गेले होते. १८५७ मध्ये, म्हणजे इकडे उठाव झाला त्याच वर्षी, लंडनमध्ये आर्क्टिक पदक जाहीर झाले. चांदीचे, अष्टकोनी, पांढऱ्या फितीचे. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला बर्फात अडकलेले जहाज व पुढे घसरगाडी ओढणारी माणसे. कॅप्टनला आणि साध्या मरीन शिपायाला एकच धातू. फ्रँकलिनच्या मृत माणसांच्या वारसांनाही ते दिले गेले.

त्या मृतांपैकी एक विल्यम ब्रेन, ‘एरेबस’वरचा रॉयल मरीन शिपाई. बीची बेटावर त्याला पुरले. थडग्यावरच्या फळीवर तारीख ३ एप्रिल १८४६ आणि वय ३२. कॅनडाच्या ओवेन बीटी यांनी १९८६ मध्ये थडगे उघडले, तेव्हा शवपेटीवरच्या पत्र्यावर तीच तारीख होती, पण वय ३३. चेहऱ्यावर लाल रुमाल होता. जमिनीखाली एक वय, जमिनीवर दुसरे, आणि दोन्ही त्याच जहाजावरच्या सोबत्यांनी लिहिलेली! कोरलेला मजकूर म्हणजे अंतिम पुरावा असे मानणाऱ्यांनी ब्रेनचे थडगे आठवावे. बर्फाने देह जसाच्या तसा राखला, पण जहाजावरच्या शिपायाचे वय बरोबर नोंदवण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता.

आता बॉवर्सकडे. हेन्री रॉबर्टसन बॉवर्सचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे झाला. वडील जहाजाचे कप्तान, पूर्वेकडच्या समुद्रांत वावरलेले. मुलगा लहान असतानाच वारले. आई आणि दोन बहिणी हे त्याचे घर. ‘वूस्टर’ या प्रशिक्षण जहाजावर शिक्षण, मग ‘लॉक टॉरिडन’ या शिडाच्या व्यापारी जहाजावर जगाच्या फेऱ्या, आणि १९०५ मध्ये मुंबई. पुढे इरावती नदीवरच्या मरीनच्या आगबोटी त्याने चालवल्या. त्यानंतर ‘फॉक्स’ या युद्धनौकेवर पर्शियन आखातात अफगाणिस्तानकडे जाणारी चोरटी शस्त्रे अडवण्याची गस्त. या गस्तीसाठी पुढे १९१५ मध्ये पदक निघाले, ‘पर्शियन गल्फ १९०९–१९१४’ अशा पट्टीचे. तोवर बॉवर्सला जाऊन तीन वर्षे झाली होती. १९१० मध्ये सर क्लेमेंट्स मार्कम यांच्या शिफारशीवर स्कॉटने त्याला प्रत्यक्ष न पाहता ‘टेरा नोव्हा’वर घेतले. सुमारे आठ हजार अर्ज आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट किती विलक्षण ते कळते. उंची पाच फूट चार इंच, केस तांबडे, नाक भले मोठे; त्यावरून टोपणनाव ‘बर्डी’.

जॉर्ज सीव्हर यांचे १९३८ चे चरित्र हे बॉवर्सवरचे पहिले मोठे पुस्तक. आई-बहिणींना लिहिलेल्या पत्रांवर ते उभे आहे आणि त्या पत्रांइतकेच श्रद्धाळू आहे. सीव्हरना माणसाचा आत्मा दिसतो, नोकरी दिसत नाही. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातली वर्षे त्यांच्या हातून तपश्चर्येसारखी लिहिली जातात. उकाडा, एकटेपणा, प्रार्थना, आईची आठवण, आणि या सगळ्यातून तावून सुलाखून निघालेला वीर ध्रुवाकडे जातो. हे वाचताना मला सारखे वाटत राहिले की मधल्या पाच वर्षांत हा माणूस दिवसभर करत काय होता? अॅन स्ट्रॅथी यांनी २०१२ मध्ये लिहिलेले चरित्र या बाबतीत पुष्कळ बरे. त्या त्याची पूर्वेकडची नोकरी गंभीरपणे घेतात. तरी तेथेही वाट ध्रुवाकडे जाणारी आहे, आणि मुंबई हे वाटेवरचे स्टेशन.

उलट बाजूने वाचून पाहा. ‘टेरा नोव्हा’वर बॉवर्सला घेतले ते सामानाचा अधिकारी म्हणून. स्कॉटने त्याला जहाजावरून उचलून किनाऱ्यावरच्या तुकडीत घेतले, त्याचे कारण धाडस नव्हते. कारण हे की कोणती पेटी कोणत्या थरात, कोणत्या कोपऱ्यात आहे ते या माणसाला तोंडपाठ होते. ही विद्या कुठली? पलटणी, घोडे, दारूगोळा, धान्य आणि गवताच्या गंजी एका जहाजात रचून एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेणाऱ्या खात्याची. रॉयल नेव्हीत तोफ शिकवत. मरीनमध्ये माल रचायला शिकवत. स्कॉटला तोफेचा उपयोग नव्हता. लस्करी बोलीत सांगायचे तर त्याला एक चांगला कसाब हवा होता, आणि तो मिळाला. बॉवर्स हे काम कोणत्या कसाबाकडून शिकला, हे त्याच्या चरित्रांतून कळत नाही. पण मालाच्या खणात उतरून काम करणारा अधिकारी खालच्या मजल्यावरच्या माणसांकडून शिकल्यावाचून राहत नाही, एवढे कुठल्याही गोदीत विचारले तरी सांगतील.

दुसरी दंतकथा थंडीची. पर्शियन आखाताच्या भट्टीतून थेट बर्फात आलेला हा माणूस सर्वांत कमी गारठे, याचे सर्वांनाच नवल वाटले. अॅप्स्ली चेरी-गॅरर्ड यांनी १९२२ च्या ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’मध्ये याची साक्ष दिली आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही, हिवाळी प्रवासात ते त्याच्याच तंबूत होते. २७ जून १९११ ला विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड ध्रुवीय रात्रीच्या काळोखात निघाले, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेले. वादळाने तंबू उडाला, तो सुदैवाने सापडला. पाच आठवड्यांनी तिघे परतले ते तीन अंडी घेऊन. तिघांपैकी हे पुस्तक लिहायला एकटा चेरी-गॅरर्ड उरला, म्हणून त्यांचे पुस्तक म्हणजे एका अर्थी तेराव्याचे भाषण आहे. मी ते ध्रुवावरचे सर्वोत्तम पुस्तक मानतो. पण मृत मित्राविषयी लिहिणारा माणूस मित्राला शंका विचारत नाही, ही त्या पुस्तकाची मर्यादाही मानतो.

विचारायला हवी होती अशी शंका आहे. १९११ च्या ३१ डिसेंबरला स्कॉटने दुसऱ्या गाडीच्या माणसांना स्की मागे ठेवायला सांगितल्या. त्यांत बॉवर्स होता. चारच दिवसांनी, ४ जानेवारीला, स्कॉटने त्याच बॉवर्सला शेवटच्या तुकडीत पाचवा म्हणून घेतले. तंबू चौघांचा, शिधा चौघांच्या हिशेबाने बांधलेला, आणि पाचवा माणूस पायी. बाकी चौघे स्कीवर आणि हा बुटका गडी भुसभुशीत बर्फात पाय रोवत त्यांच्या बरोबरीने गाडी ओढत ध्रुवावर गेला. शिध्याचा हिशेब ज्याच्या डोक्यात होता तो हाच. चौघांच्या शिध्याचे पाच वाटे करताना काय बिघडते ते त्याच्याइतके कुणालाच कळत नव्हते. रोलंड हंटफर्डसारख्या टीकाकारांनी स्कॉटला या निर्णयाबद्दल पुरते धारेवर धरले आहे. माझा प्रश्न बॉवर्सविषयी आहे. हिशेब जाणणारा माणूस गप्प का राहिला? चरित्रकार याला निष्ठा म्हणतात. मला त्यात दुय्यम खात्यातून वरच्या खात्यात उचलून घेतलेल्या माणसाची कृतज्ञताही दिसते. रॉयल नेव्हीच्या कॅप्टनने ‘चल’ म्हटल्यावर इंडियन मरीनच्या लेफ्टनंटने शिध्याची वही पुढे करायची नसते. ज्या उतरंडीत तो तांडेलाच्या वर होता, त्याच उतरंडीत तो स्कॉटच्या खाली होता.

१७ जानेवारी १९१२ ला ते ध्रुवावर पोचले, दुसऱ्या दिवशी नॉर्वेकरांचा तंबू सापडला. पाच जणांचे ते प्रसिद्ध छायाचित्र सर्वांनी पाहिले असेल. त्याची दोरी ओढणारा हात बॉवर्सचा आहे. परतीत आधी एडगर इव्हान्स, मग ओट्स गेला. उरलेले तिघे मार्च महिन्याच्या अखेरीस, साठ्याच्या ठिकाणापासून ११ मैलांवर.

आता त्या तंबूपाशी परत जाऊ, कारण शोधपथकासोबत कोण होते ते सांगायचे राहिले आहे. ओट्स हा इनिस्किलिंग ड्रॅगून्सचा अधिकारी. मोहिमेसाठी अर्ज केला तेव्हा त्याची पलटण महूला होती, त्याच छावणीच्या गावी जिथे १८९१ मध्ये डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला. पुढच्या मोसमासाठी भारत सरकारकडून सिमल्याला तयार केलेली सात खेचरे मागवली गेली. त्यांची नावे छापील आहेत : लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहिब. या खेचरांचा तांडा घेऊन निघालेल्या माणसांनाच तो तंबू दिसला. म्हणजे ज्या दिवशी ‘रॉयल इंडियन मरीन’ हे शब्द लिहून बर्फात ठेवले गेले, त्या दिवशी हिंदुस्थानी नावांची जनावरे तेथे उभी होती. त्यांना दोरीवर चालायला शिकवणाऱ्या मोतद्दारांपैकी एकाचेही नाव माझ्या वाचनात आले नाही. जनावरांना नावे मिळाली ती त्यांच्या बोलीतली, एवढाच त्यांचा माग.

स्कॉटच्या पहिल्या मोहिमेनंतर १९०४ मध्ये ध्रुवीय पदक नव्याने निघाले. तेच अष्टकोनी रूप, तीच पांढरी फीत. पण १८५७ चा उदारपणा गेला होता. बर्फावर राहिलेल्यांना चांदी आणि मदतीच्या जहाजांवर ये-जा करणाऱ्यांना कांस्य, अशी वाटणी झाली. इथे ही वाटणी कातडीवरून नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ती कामावरून होती. तरी हिंगोलीच्या भिस्त्याचे पदक पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते. बॉवर्सला चांदीचे मिळाले, मरणोत्तर, ‘अंटार्क्टिक १९१०–१३’ या पट्टीसह. त्याने ते कमावले होते, यात मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती एवढीच की त्या पदकाला आपण ब्रिटिश पदक म्हणून दूर का ठेवावे. ज्या खात्याने त्याला घडवले, त्याचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून होत होता, आणि त्याची जहाजे कोकणच्या माणसांच्या हातांनी चालत होती.

पुढची गोष्ट थोडक्यात, कारण ती बऱ्यापैकी नोंदलेली आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्यातील मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ या जहाजाने निघाली व ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत, १९८३–८४ मध्ये, सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत अदिती पंत गेल्या. जन्म नागपूरचा, आजोबा औंधचे पंतप्रतिनिधी. त्यांना भारत सरकारचा अंटार्क्टिका पुरस्कार मिळाला. येथे कुणी दुसऱ्याच्या मजल्यावर नव्हते. मात्र हे सांगताना ‘भारताचा ध्रुवाशी संबंध १९८१ पासून’ असे वाक्य जे सर्रास लिहिले जाते, ते मला पटत नाही. तो संबंध त्याआधीही होता. फक्त तो पगारपत्रकात, मालाच्या यादीत आणि खेचरांच्या नावांत होता.

ही कागदपत्रे शोधायची तर कोणी तरुण अभ्यासकाने मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मरीन खात्याच्या दप्तरांपाशी बसावे. आणि त्याआधी रत्नागिरीत खाडीकाठच्या मुसलमान वाड्यांत जावे, जिथे पणजोबांचे जहाजाचे दाखले पत्र्याच्या पेटीत अजून ठेवलेले असतात. दाखल्यावर अधिकाऱ्याची सही असते. १९०५ ते १९१० मधल्या एखाद्या सहीत ‘एच. आर. बॉवर्स’ अशी अक्षरे सापडली, तर ज्याच्या नावाचा तो दाखला आहे त्या माणसाचे नाव आधी लिहून घ्यावे.